मोटारीचे पादत्राण

ज्याने आयुष्यात सायकलीखेरीज दुसरे वाहन हाती धरले नाही, त्याने वेगवान मोटारीला कोणती चाके व कोणते टायर घालावेत याविषयी बोलावयास बसावे, हा आगाऊपणाच म्हटला पाहिजे. परंतु मोटार चालविणाऱ्यांपैकी फारच थोडे लोक आपल्या गाडीचा टायर वाकून वाचतात. आणि वाचणे हा तर आम्हा शाळामास्तरांचा जन्माचा धंदा. टायरच्या बाजूवर पुष्कळ मजकूर कोरलेला असतो. तो न वाचल्यामुळे माझ्या एका विद्यार्थ्याच्या घरावर कोणता प्रसंग आला, आणि त्यात माझाही वाटा कसा होता, ते आज सांगावयाचे आहे.

हा विद्यार्थी मेहकर तालुक्यातला. दोघे भाऊ, थोरला जर्मनीत म्यूनिकला असतो, धाकटा नागपुरास नोकरीवर आहे. धाकट्याला लहानपणापासून वेगाची हौस. हाती पैसा आल्यावर त्याने मोटार घेतली ती साधी नव्हे, दोनशेच्या वर अश्वशक्तीची. थोरल्या भावाच्या घरी, कोठीच्या भिंतीला, चाकांचा एक दुसरा संच टांगलेला असे आणि वर्षातून दोनदा तो बदलला जाई. त्याचे छायाचित्र पाहून आपल्याही गाडीला असा एक निराळा संच असावा, असे धाकट्याच्या मनाने घेतले. एका मोठ्या शहरातील दुकानदाराकडे त्याला चार रुंद, झळाळती चाके स्वस्तात मिळाली, आणि ती त्यांवर चढविलेल्या परदेशी टायरांसकट. टायर थोडे वापरलेले, पण नक्षी चांगली खोल. सन २०२३ च्या दिवाळीस तो गावी आला, तेव्हा सारे घर अंगणात त्या चाकांभोवती उभे होते.

त्याच दिवशी एका चाकातील खिळा काढून घेण्याकरिता आम्ही दोघे गावातील पंक्चरवाल्याकडे गेलो. हा गृहस्थ माझ्याच वर्गात चौथीपर्यंत शिकलेला. चाक पाण्याच्या टाकीत फिरविता फिरविता तो थांबला आणि मला विचारता झाला, "गुरुजी, टायरावर हा पहाड काहून काढला असंन?" मी पाहिले, तो खरोखरच तीन शिखरांचा एक डोंगर आणि त्याच्या पोटात सहा पाकळ्यांची हिमाची चांदणी अशी खूण होती. श्रोतेहो, मला ती खूण ठाऊक नव्हती. परंतु दोन विद्यार्थ्यांच्या देखत 'मला माहीत नाही' असे म्हणावयास माझी जीभ वळली नाही. 'कारखान्याची खूण असेल' असे मी सांगून टाकले. पस्तीस वर्षे ज्या सवयीबद्दल मुलांना छड्या मारल्या, तीच मी त्या दुकानात केली.

त्यानंतर सहा महिन्यांनी, मे महिन्यात, नागपुरातले एक लग्न आटोपून ही मंडळी समृद्धी महामार्गाने गावी येत होती. गाडीत नवरा-बायको, त्याची आई, दोन मुले, आणि मागे आहेराच्या पिशव्या. कारंजाच्या सुमारास, भर दुपारी, ते एका पेट्रोल पंपाशी थांबले. तेथील पोराने चारही टायरांतील हवा मोजली आणि 'गरमीनं हवा वाढली आहे' असे म्हणून प्रत्येकातून थोडी थोडी सोडून दिली. पुढे मेहकर थोडे दूर राहिले असता मागील डाव्या टायराची पट्टी सुटून तो फाटला. गाडी दोन वेळा हेलकावली, कठड्याला घासली आणि उभी राहिली. कोणास खरचटलेसुद्धा नाही. डावीकडे, त्या फाटलेल्या चाकाच्या बरोबर वर, धाकटी मुलगी बसली होती. आईने फोनवर हे सांगितले तेव्हा मला तो पहाड आठवला.

तेव्हापासून मी या विषयाच्या पाठीस लागलो. थोरल्या भावास विचारले, पंक्चरवाल्यास विचारले, टायरांवरील अक्षरे लावून पाहिली. जे कळले ते असे.

रबर आणि ऋतू यांचे वैर मूळचेच आहे. कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट होते व थंडीत ठिसूळ होते. १८३९ साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयर याने गंधकाबरोबर तापविण्याची युक्ती शोधून काढली, तेव्हा ते दोन्ही ऋतूंत वापरण्याजोगे झाले. तथापि वैर पुरतेपणी मिटले नाही. वेगवान मोटारींना उन्हाळ्यासाठी जे टायर देतात त्यांचे रबर उष्ण रस्त्यावर घट्ट पकड घ्यावी अशा बेताने केलेले असते. पारा सुमारे ७ अंशांखाली उतरला की ते ताठरते आणि रस्त्यावर घसरू लागते. म्हणून हिमाच्या प्रदेशात हिवाळी टायर निराळा. त्याचे रबर मऊ, नक्षी खोल, आणि नक्षीच्या प्रत्येक तुकड्यावर सुरीने चिरल्यासारख्या बारीक चिरा. त्या चिरा हिमाला धरतात. असा पहिला टायर १९३४ साली फिनलंडमधील एका कारखान्याने मालमोटारींकरिता केला. तो कारखाना आज नोकियन या नावाने ओळखला जातो. जर्मनीत २०१० सालापासून असा कायदा आहे की रस्त्यावर हिम किंवा गोठलेले पाणी असता हिवाळी टायरावाचून मोटार चालवू नये. ऑक्टोबरपासून ईस्टरपर्यंत हिवाळी चाके, हा तेथील घराघरांतला संकेत. तो डोंगर आणि ती चांदणी ही या हिवाळी टायराची खूण. पंक्चरवाल्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर एवढे सोपे होते.

थोरल्या भावाने आणखी एक गोष्ट सांगितली, तीवरून चाकांची निवड किती विचाराने करावी लागते ते कळते. त्याच्या वेगवान गाडीस उन्हाळ्यात १९ इंची चाके आहेत, पण हिवाळी संच त्याने १८ इंची घेतला आहे. आतील चाक लहान आणि त्यावरील रबराची भिंत उंच, असे केल्याने बाहेरचा एकूण घेर तोच राहतो, गतिमापक खोटे बोलत नाही, आणि हिमाखाली दडलेल्या खड्ड्यात चाक आदळले तर धक्का रबर सोसते, धातू नव्हे. टायर किंचित अरुंदही घेतला, कारण रुंद टायर हिमावर तरंगतो, तर अरुंद टायर हिम कापून खालच्या टणक रस्त्यापर्यंत पोहोचतो. मग १६ इंची का नाही? तर वेगवान गाडीचे ब्रेक मोठे असतात, आणि त्याहून लहान चाक त्या ब्रेकवर बसतच नाही. शिवाय तेथे रस्त्यावर मीठ टाकतात. ते चकचकीत मुलामा खाऊन टाकते, म्हणून हिवाळी चाक साधे व जाड रंगाचे घ्यावयाचे. पाहा, दिसण्याचा विचार या साऱ्यात कोठेच नाही. धाकट्याने मात्र छायाचित्रातला दुसरा संच तेवढा पाहिला आणि त्यामागचा हिशेब तेथेच राहिला.

ऋतू पाहून चाक नीट करण्याची ही रीत परकीयांकडूनच शिकावी लागते असेही नाही. बैलगाडीच्या लाकडी चाकावर जी लोखंडी पट्टी असते तिला आपल्या भाषेत 'धाव' म्हणतात. धावणे आणि चाकाची पट्टी यांना एकच शब्द, ही मराठीची गंमत मला वर्गात सांगावयास फार आवडे. लोहार ती धाव गोवऱ्यांच्या आगीत लाल करून चाकावर बसवी व वरून पाणी ओती. लोखंड आवळून चाकास घट्ट धरून राही. परंतु चैत्र-वैशाखात लाकूड आटे, धाव सैल होई, आणि शेतकरी चाके काढून पाण्यात भिजत घाली. आपल्या मुलुखात चाकाचा शत्रू उन्हाळा, ही गोष्ट त्या माणसाला न शिकविता ठाऊक होती.

आपला जिल्हा तसा दोन हवांचा. वर घाटावर बुलढाणा शहर थंड. घाट उतरून मलकापूर, नांदुरा, खामगावकडे आलो की मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसपर्यंत चढतो. हे झाले सावलीतले मान; दुपारच्या रस्त्यावर तळवा टेकवून पाहावा म्हणजे टायर कशावरून धावतो ते कळेल. आणि आता रस्ताही पूर्वीचा राहिला नाही. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरांचा भाग ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला, आणि ५ जून २०२५ रोजी ७०१ किलोमीटरांचा संपूर्ण मार्ग पुरा झाला. आपल्या जिल्ह्यात मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा या भागांतून तो जातो. मोटारींना तेथे ताशी १२० किलोमीटरांची मर्यादा आहे. पूर्वी खड्डे, गावे आणि गुरे हीच टायरांना विसावा देत असत. आता तो विसावा गेला.

ताशी १२० किलोमीटर म्हणजे सेकंदास ३३ मीटरांहून अधिक. मोटारीच्या चाकाचा घेर सुमारे दोन मीटर. म्हणजे चाक मिनिटास हजाराच्या आसपास फेरे घेते, आणि रस्त्यास टेकणारा टायरचा प्रत्येक भाग मिनिटाला हजार वेळा दबतो व पुन्हा सुटतो. एखादी लोखंडी तार भराभर वाकवून सरळ करावी, ती बोटांना चटका देते. टायरचेही तेच. त्यात हवा कमी असेल तर तो अधिक वाकतो, अधिक तापतो, आणि तापता तापता आतील थर एकमेकांपासून सुटू लागतात. टायर फुटतो तो जास्त हवेने, असा समज आपल्याकडे घरोघर आहे. वास्तविक धावता टायर बहुधा मरतो तो कमी हवेने.

त्या पंपावरील पोराची चूक येथेच झाली. आणि ती एकट्या त्याचीच नव्हे, पुष्कळांची आहे. थोडे गणित करू. सकाळी २७ अंशांत टायर थंड असता त्यात दर चौरस इंचास ३३ पौंड दाब आहे. त्यात बाहेरील वातावरणाचे १४.७ मिळविले की खरा दाब ४७.७ झाला. उष्णतेच्या अंशांत २७३ मिळवून ३०० घ्यावेत. आता धावून टायर ६७ अंशांपर्यंत तापला, म्हणजे ३४० झाले. दाब त्याच प्रमाणात वाढून ५४ होतो. त्यातून वातावरणाचे वजा केले की मापकावर सुमारे साडेएकोणचाळीस दिसतात. टायर करणाऱ्याने ही वाढ आधीच हिशेबात धरलेली असते. पोराने हवा सोडून काटा पुन्हा ३३ वर आणला, तर त्या टायरात थंडपणी फक्त साडेसत्तावीस पौंडच उरले. पाच माणसे, लग्नाचे सामान आणि मे महिना. हवा वाढवावयास हवी होती, ती कमी केली. म्हणून दाब नेहमी सकाळी, गाडी हलण्यापूर्वी मोजावा, आणि तापल्या टायरातून हवा कधीही सोडू नये. भरलेल्या गाडीस किती दाब हवा ते चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा इंधनाच्या झाकणाच्या आत लिहिलेले असते. पंपावर आता नत्रवायू भरून देतात आणि त्याचे मोल घेतात. आपल्या साध्या हवेत मुळातच शंभरात ७८ भाग नत्रवायू आहे, इतके आठवून ज्याने त्याने ठरवावे.

परंतु केवळ हवेवर दोष टाकून मोकळे होता येत नाही. तो टायर मुळातच त्या रस्त्याचा नव्हता. हिवाळी टायरचे मऊ रबर तापल्या रस्त्यावर अधिकच मऊ पडते, नक्षीचे तुकडे इकडून तिकडे लवतात, गाडी थांबावयास अधिक अंतर घेते आणि झीजही भराभर होते. दुसरे असे की हिवाळी टायरची नक्षी ४ मिलिमीटरांवर आली की तो बदलावा, असा सल्ला जर्मनीत जाणते लोक देतात. हिमावर त्याहून कमी नक्षी कामाची नाही. आपल्याकडे ४ मिलिमीटर नक्षी पाहून माणूस 'जवळजवळ नवा' म्हणतो. तिसरी गोष्ट वयाची. टायरच्या बाजूवर एका लंबगोलात चार अंक असतात. या टायरावर होते ३८१६. म्हणजे सन २०१६ मधील अडतिसावा आठवडा. माझ्या विद्यार्थ्याने तो घेतला तेव्हाच टायर सात वर्षांचा होता. पाच वर्षे झाली की टायर दरसाल जाणत्याकडून तपासून घ्यावा, आणि दहा वर्षांचा झालेला टायर दिसावयास कितीही धडधाकट असला तरी काढून टाकावा, असे टायर करणारेच सांगतात. ओळखीच्या घरांत मी पाहतो, स्टेपनी मात्र गाडीइतकीच म्हातारी असते, आणि 'एकदाही वापरली नाही' हे कौतुकाने सांगितले जाते.

बाकीची अक्षरेही अवघड नाहीत. समजा, २०५/५५ आर १६, ९१ व्ही असे लिहिले आहे. टायरची रुंदी २०५ मिलिमीटर. बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या शेकडा ५५. आर म्हणजे आतील दोरे आडवे, केंद्राकडे रोखलेले. १६ हा चाकाचा व्यास इंचांत. ९१ हा वजनाचा अंक, म्हणजे एका टायराने ६१५ किलोपर्यंत भार घ्यावा. शेवटचे अक्षर वेगाचे: टी म्हणजे ताशी १९०, एच म्हणजे २१०, व्ही म्हणजे २४०, डब्ल्यू म्हणजे २७० किलोमीटर. आता कोणी म्हणेल, आम्हाला १२० च्या वर जावयाचेच नाही, मग २४० चा टायर कशास? तर तो अंक नव्या, योग्य हवा भरलेल्या टायरचा असतो. जो उष्णता अधिक सोसतो त्यालाच मोठे अक्षर मिळते, आणि आपल्याला हवी आहे ती नेमकी ही सोशिकता. म्हणून गाडीबरोबर जे अक्षर आले त्याहून खालचे अक्षर घेऊ नये. भाराचा अंकही खाली आणू नये. नक्षीच्या खाचांत ठिकठिकाणी रबराचे छोटे बांध असतात. नक्षी झिजून बांधाशी समपातळीस आली, म्हणजे १.६ मिलिमीटर उरली, की टायर कायद्याने बाद झाला. सन २०२३ मध्ये परिवहन खात्याने समृद्धीच्या प्रवेशद्वारांशी टायर तपासून गोटा झालेल्या टायरांच्या गाड्या परत पाठविण्यास आरंभ केला, तेव्हा कित्येकांना त्याचा राग आला होता.

आता चाकांविषयी. वेगवान गाडीस मोठे, रुंद चाक आणि त्यावर पातळ टायर शोभून दिसतो, हे मलाही दिसते. गुळगुळीत रस्त्याच्या वळणावर असा टायर कमी डगमगतो, हेही खरे. परंतु त्या महामार्गावरून उतरल्यावर आपणाला जावयाचे असते कोठे? राजूर घाटात, बोथा घाटात, नाहीतर एखाद्या खेड्याच्या पांदण रस्त्यावर. पातळ भिंतीच्या टायराला खड्ड्याची धार लागली की आतील दोरे तुटतात आणि बाजूस फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही. तो घेऊन महामार्गावर चढू नये. माझे मत विचाराल तर, आपल्या जिल्ह्यात राहणाऱ्याने गाडीबरोबर आलेल्या मापांत जे सर्वांत लहान चाक ब्रेकवर बसते ते घ्यावे आणि त्यावर उंच भिंतीचा टायर चढवावा. म्यूनिकचा भाऊ हिमासाठी जे करतो, तेच आपण खड्ड्यांसाठी करावे. रबर मात्र त्याच्या उलट, उन्हाळ्याचे. आपल्याकडे पौषातल्या एखाद्या पहाटे पारा दहाच्या खाली जातो, परंतु तेवढ्यासाठी दुसरा संच ठेवणे म्हणजे चार दिवसांच्या पाहुण्याकरिता घर बांधणे होय. पावसाळ्याचा विचार मात्र अवश्य हवा: पाणी बाहेर फेकणाऱ्या रुंद, खोल खाचा, आणि आषाढापूर्वी निदान ३ मिलिमीटर नक्षी. काँक्रीटवर पाणी साचले असता वेगात टायर पाण्यावर तरंगतो, आणि त्या क्षणी कितीही अश्वशक्ती असली तरी चालक केवळ प्रवासी होऊन राहतो.

एक सांगितले पाहिजे. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजा तालुक्यात पिंपळखुट्याजवळ याच महामार्गावर एक प्रवासी बस उलटून पेटली आणि २५ जीव गेले. प्रथम सर्वत्र बातमी पसरली ती टायर फुटल्याची; पुढे परिवहन खात्याच्या तपासणीत टायर फुटल्याचा पुरावा मिळाला नाही. मुक्या टायरावर दोष ढकलणे सोपे असते. म्हणून माझ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत मी 'टायर फुटला' असे म्हणत नाही. त्याने चाक डोळ्यांनी निवडले, पंपावरील पोराने हवा सोडली, आणि मी, ज्याला खूण दाखवून विचारण्यात आले होते, त्याने ठाऊक नसता उत्तर दिले. तो माझ्याकडे आला तेव्हा मी त्याला हे सारे सांगितले. तो म्हणाला, "गुरुजी, तुम्ही नाही म्हटलं असतं तरी मी ती चाकं काढली नसती." हे त्याने माझ्या समाधानासाठी म्हटले, की खरेच, ते मला ठरविता आले नाही.

त्याने मूळची चाके पुन्हा बसविली आणि त्यांवर गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मापाचे नवे टायर घातले. उरलेल्या तीन टायरांना जालन्याच्या एका गिऱ्हाइकाने चांगली किंमत देऊ केली होती. नक्षी होतीच. विकत घेणारा ते दुसऱ्या कोणाच्या लेकरांच्या खाली घालणार, हे त्याच्या बायकोने बोलून दाखविले, आणि सौदा मोडला. मग पंक्चरवाल्याने त्या टायरांची आतली कड करवतीने कापून ते पुन्हा चाकावर चढणार नाहीत अशी व्यवस्था केली, आणि आमच्या गावच्या शाळेच्या मैदानात ते अर्धे पुरून उभे केले. मुले त्यांवरून उड्या मारतात. तीनपैकी एकावरचा डोंगर मातीच्या वर राहिला आहे. तो कोणीतरी पांढऱ्या रंगाने रंगविला आहे, आणि खाली खडूने 'बर्फ' असे लिहिले आहे.